पायाचा भाव

माझं माहेर पेठेतलं. वडील शाळेत मास्तर, आणि आमच्या घरी घासाघीस करणं म्हणजे चारचौघांत मोठ्यांदा ढेकर देण्याइतकं लाजिरवाणं समजत. ज्या दुकानात ‘एकच भाव’ अशी पाटी असेल तिथेच आम्ही जायचो. दुकानदाराने माल जवळजवळ अंगावर फेकला तरी तो निमूटपणे उचलायचो आणि वर त्याचेच आभार मानून घरी यायचो. अशा घरातून मी गेले ती थेट मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्याच्या घरी. अडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देणारा मधला माणूस. जीभ हेच त्याचं भांडवल. लग्नाच्या बैठकीत गुरुजींनी मुहूर्ताची वेळ सांगितली, तेव्हा आमचे हे म्हणाले, थोडं अलीकडे सरकत असेल तर बघा. आणि गुरुजींनी ती सरकवली. मला तेव्हाच काय ते समजायला हवं होतं.

यांच्या धंद्यातला पहिला नियम असा, की समोरच्याच्या तोंडून निघालेला पहिला भाव कधी खरा नसतो. तो ऐकायचा, मान हलवायची, चहा मागवायचा आणि मग बोलायला सुरुवात करायची. धंद्यात हे ठीकच आहे. पण हे तो नियम घरीही आणत. रेडिओवर जोरदार पाऊस सांगितला की हे मध्यम धरायचे आणि छत्री न घेता निघायचे. मुलाचा दहावीचा निकाल लागला तेव्हाही त्यांनी त्याला शाळेत पुन्हा एकदा विचारून यायला सांगितलं होतं. दाढ काढायला गेले तर दाताच्या डॉक्टरला म्हणाले, अर्धीच काढून काम होत असेल तर बघा. मी या सगळ्यावर चिडायचे, पण माझं चिडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. माझा रागसुद्धा ते निम्माच धरत.

मधुमेह यांना चाळिशीतच जडला. गुळाच्या अडत्याला गोड वर्ज्य, यातला विनोद आमच्या सगळ्या नातेवाइकांना एकदमच सुचला आणि दर संक्रांतीला तिळगूळ देताना प्रत्येकजण तो नव्याने करून दाखवायचा. हे हसून घेत. हे गूळ खात नसतच मुळी, ते चाखत असत. ढेपेचा कोपरा मोडायचा, बोटांच्या टोकांनी कण चुरडायचा, मग जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. ऊस कुठल्या पाण्यावर वाढला आणि गुऱ्हाळावरच्या माणसाने रस साफ करायला घालतात त्या चुन्याचा हात सैल सोडला का, हे त्यांना एवढ्यावरून कळायचं. दिवसभर ढेपांमागून ढेपा यायच्या आणि दिवसभर हे डोळे मिटायचे. चाखणं हा धंदा आणि खाणं ही चैन, असा त्यांचा ठाम समज होता. रक्ताला मात्र हा फरक कळत नव्हता. जोडीला तंबाखूची डबी होतीच, तिच्याबद्दल बोललेलं त्यांना ऐकू यायचं नाही.

पायाचं हे झालं ते वर्ष मोबाइल नुकते व्यापाऱ्यांच्या खिशात आले तेव्हाचं. संक्रांत तोंडावर आलेली, गुळाचा सगळा जोर याच दिवसांत. दुकानाच्या गादीवर चढायचं ते चप्पल खाली काढून, कारण लक्ष्मीच्या जागी पायताण नेत नाहीत. पण हे एकदा चप्पल काढली की दुकान बंद होईपर्यंत घालायचेच नाहीत. गादीवरून खाली, पोत्यांच्या गराड्यात, गाडीपाशी, सगळीकडे अनवाणी. त्या संध्याकाळी घरी आले, हातपाय धुवायला गेले, आणि मला दारापासून मोरीपर्यंत फरशीवर लाल ठिपके दिसले. मला वाटलं कुंकू सांडलं. मग मी त्यांचा डावा पाय उचलून बघितला. चवड्यात, अंगठ्याच्या मागच्या बाजूला, पोती शिवायच्या दाभणाचं तुटकं टोक रुतलेलं होतं. ते केव्हा रुतलं हे त्यांना सांगता येईना. दुखत नव्हतं का, असं मी विचारलं, तर म्हणाले, दुखलं असतं तर काढलं नसतं का? मग पकड घेऊन त्यांनी ते स्वतःच उपसलं, वर हळद दाबली आणि जेवायला बसले.

थोड्याच दिवसांत त्या भोकाची जखम झाली. कडा पांढऱ्या, जाड आणि मधे काळसर. दुखत नाही म्हणजे बरी होतेय, असं हे रोज सकाळी जाहीर करायचे. शेवटी मी माझ्या माहेरच्या बाजूला राहणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं. त्या फक्त मधुमेहाच्या पायांचं काम करत. हे यायला तयार झाले, ते मी त्या दिवशी डबा दिला नाही म्हणून.

दवाखान्याच्या दाराशी पाटी होती: ‘चपला घालूनच आत यावे. बाहेर काढल्या असल्यास परत जाऊन घालाव्यात.’ हे सवयीने चपला काढून केव्हाच आत पोचले होते आणि पाटीखालीच अनवाणी उभे होते. डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघून म्हणाल्या, पाटी मराठीत आहे. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. हे गुपचूप बाहेर जाऊन चपला घालून आले. कुणाच्या सांगण्यावरून त्यांनी चपला घातलेल्या मी पहिल्यांदाच बघत होते.

बाईंनी त्यांना पलंगावर आडवं केलं, डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा एक बारीक धागा तळपायाला ठिकठिकाणी टेकवायला सुरुवात केली. टेकल्याचं कळलं की ‘हो’ म्हणायचं होतं. हे डोळे मिटून तयार झाले, अगदी गूळ चाखताना मिटतात तसे. थोड्या वेळाने म्हणाले, हो. बाईंचा हात तेव्हा हवेत होता. परत म्हणाले, हो. तेव्हाही तो हवेतच होता. आणि धागा टाचेला, बोटांना, चवड्याला टेकून वाकत होता तेव्हा हे गप्प होते. त्यांनी आपला एक अंदाज बांधला होता, की बाई साधारण किती वेळाने टेकवत असतील, आणि त्या अंदाजावर ते होकार देत होते. बाकी वेळी मी यावर पोट धरून हसले असते. बोटांच्या टोकांनी उसाचं पाणी ओळखणारा हा माणूस, आणि त्याचे तळवे त्याला काहीच सांगत नव्हते. मला भीती वाटली.

मग बाईंनी घोट्याशी एक यंत्र लावलं. त्यातून रक्ताचा आवाज येतो. उजव्या पायातून तो चांगला सूं सूं करत आला, डाव्यातून दमल्यासारखा. जखमेत बारीक सळी घालून त्यांनी खोली बघितली, साखर विचारली, तंबाखू विचारली. तंबाखूवर हे म्हणाले, अगदी नावाला. मी नुसता घसा साफ केला. बाईंनी माझ्या घशाकडे बघून लिहून घेतलं.

“पाय जायचा धोका मी तीन पायऱ्यांत सांगते,” त्या म्हणाल्या. “कमी, मध्यम आणि जास्त. तुमचा जास्त आहे.”

यांनी खुर्ची पुढे ओढली. हे खुर्ची पुढे ओढतात तेव्हा पुढे काय येतं हे मला चांगलं माहीत होतं.

“मध्यम करा,” हे म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. हे काही भविष्य नाही, त्या सांगू लागल्या, पत्रिका बघून सांगत नाहीये. जखम किती खोल, तिथपर्यंत रक्त किती पोचतं, जंतू शिरलेत का, साखर किती, तंबाखू किती, एवढं बघून अंदाज बांधायचा. आज आहे तसंच चाललं तर पाय कुठे जाऊन पोचेल, त्याचा. तो बदलतो. पण तो बदलायचं काम माझं नाही, तुमचं. पाय जमिनीला टेकवायचा नाही, दुकान बंद, तंबाखू बंद, गूळ जिभेवरसुद्धा नाही आणि एक दिवसाआड पट्टी बदलायला इथे यायचं.

हे ऐकून यांचा चेहरा खुलला, कारण समोरचा बोलायला लागला होता. सकाळचा लिलाव तेवढा करतो, त्यांनी सुचवलं, गादीवर पाय वर घेऊन बसतो. तंबाखू निम्मी करतो. गूळ चाखून थुंकतो. पट्टी घरी ही बदलेल. बाईंनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“घ्यायचं तर सगळं घ्या,” त्या म्हणाल्या. “सुटं मिळत नाही.”

रिक्षात बसल्यावर यांनी निकाल दिला. “बाईनं चढाच सांगितलाय.” त्यांच्या मते हा नुसता पहिला भाव होता. जास्त सांगितलंय म्हणजे खरा मध्यम असणार, आणि दुसरीकडे विचारलं तर कमीवरही तुटेल. मी त्यांना परोपरीने सांगितलं, की ती बाई आमच्याकडची आहे, आमच्याकडे सांगतात तोच भाव असतो. त्यावर ते माझ्याकडे फार दयेने बघून म्हणाले, म्हणून तर तुमच्याकडचे सगळे फसतात.

झालं, मग दुसरीकडे विचारणं आलंच. यार्डातल्या कुणीतरी येरवड्याच्या बाजूचे एक डॉक्टर सांगितले. मीही बरोबर गेले, त्यामुळे ते काय म्हणाले ते मी माझ्या कानांनी ऐकलं. मनुष्य गोड बोलणारा होता, पण खोटं बोलला नाही. धोका बराच आहे, ते म्हणाले, पाय टेकवू नका, आपण प्रयत्न करू. यांनी त्यातलं ‘प्रयत्न करू’ तेवढं उचललं आणि बाकीचं तिथेच टेबलावर ठेवून आले. यार्डात सांगितलं, येरवड्याला उतरला भाव. लोकांनी शाबासकीही दिली.

दुसऱ्या दिवशी हे दुकानाला निघाले. मी त्यांच्या चपला लपवल्या, तर हे अनवाणीच निघाले. मग मीच धावत जाऊन त्या त्यांच्या पायात घातल्या. भांडले, अबोला धरला, मुलाला परगावाहून फोन करायला लावला. मुलाला त्यांनी सांगितलं की संक्रांत होऊ दे, मग बसतोच घरी. जखमेला संक्रांत कळत नाही असं मी ओरडून सांगितलं, तर म्हणाले, तूच बघ, दुखतंय का कुठं? दुखत नव्हतं हे खरंच होतं. माझं सगळं भांडण तिथे येऊन अडायचं.

संक्रांतीच्या दुपारी लोक तिळगूळ घेऊन येत होते आणि हे आतल्या खोलीत दोन पांघरुणं घेऊन कुडकुडत होते. पट्टी सोडली तर पाय घोट्यापर्यंत लाल, टरारलेला, अंगठा काळा. वास मला यायच्या आधी त्यांना आला. आयुष्यभर नाकाजिभेने माल पारखलेला माणूस तो. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाले, “चल, तुझ्या बाईकडं.” बाहेरच्या खोलीत कुणीतरी तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणत होतं. मी त्यांना तसंच बसवून रिक्षा बोलवायला धावले.

बाईंनी त्याच संध्याकाळी रुग्णालयात दाखल करून घेतलं, सलाईन लावलं, औषधं सुरू केली. पाय पुन्हा तपासला. दुसरी एखादी आधी चार शब्द सुनावून मोकळी झाली असती. या काहीच बोलल्या नाहीत, आणि ते मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करायची ठरली.

सकाळी बाई वॉर्डात आल्या. शेजारच्या खाटांभोवती माणसं होती, मी उशाशी होते. यांनी खांद्यावरचा पंचा काढला, आपल्या उजव्या हातावर पसरला आणि तो झाकलेला हात बाईंच्या पुढे धरला. बाईंना काही कळेना. मला कळलं, आणि मी तोंड फिरवलं. पूर्वी, लिलाव मोठ्याने पुकारायला लागायच्या आधी, यार्डात सौदे असेच व्हायचे. दोघांचे हात कापडाखाली, आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे भोवतीच्या कुणालाही कळत नाही. ती रीत बंद होऊन काळ लोटला होता. पण यांना एक भाव विचारायचा होता आणि तो मला ऐकू द्यायचा नव्हता. मी बाईंना हे थोडक्यात सांगितलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असंही वर म्हणणार होते, पण म्हटलं नाही.

बाईंनी आपला हात पंचाखाली घातला. यांनी बोटं दाबली असावीत.

“मला ही भाषा येत नाही,” बाई म्हणाल्या. “तोंडानं विचारा.”

यांनी डाव्या हाताने पंचाचं टोक सरळ केलं. मग म्हणाले, “पाय ऱ्हाईल का?”

एवढ्या दिवसांत हा प्रश्न त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता.

“अंगठा जाणार. शेजारचं बोटही बहुतेक जाईल,” बाई म्हणाल्या. “पाय ठेवायचा माझा प्रयत्न आहे. आत बघितल्याशिवाय याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि येत नाही ते मी सांगणार नाही.”

हे मान हलवत राहिले. बाईंनी हात काढून घेतला नाही. त्यांच्यामागे सगळा वॉर्ड वाट बघत होता, पण त्या तशाच उभ्या राहिल्या. त्या कोरड्या बाईबद्दल माझ्या मनात थोडी अढी होती, ती तिथे गेली.

अंगठा गेला, शेजारचं बोट गेलं, पाय राहिला. जखम भरायला उन्हाळा उजाडला. तेवढ्या काळात यांनी घरात बसून मला सळो की पळो करून सोडलं. पायाखाली दोन उशा म्हटल्या तर एक का चालत नाही, याची रोज नव्याने चर्चा व्हायची. फोनवरून लिलाव ऐकायचे आणि तोंडावर पदर धरावा तसा फोनआड हात धरून भाव सांगायचे. पण तंबाखूची डबी त्यांनी स्वतःहून माझ्या हातात दिली. गुळाची चव मुनीम घेऊ लागला. तो चुकीची घेतो अशी तक्रार असायची, पण घेऊ द्यायचे. बाईंनी मऊ तळाचे, काळे, ढब्बू बूट करून दिले होते. ते घालून गादीवर चढायच्या दिवशी हे लक्ष्मीच्या तसबिरीपुढे हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, “एवढं चालवून घ्या.” तिथे मात्र त्यांना सूट मिळाली असावी.

पावसाळ्याच्या आधी शेवटची म्हणून तपासणी होती. मी खुशीत होते, बाईंसाठी घरच्या आंबा-वड्यासुद्धा नेल्या होत्या. बाईंनी डावा पाय बघितला, चांगला आहे म्हणाल्या. मग उजवा घेतला. धागा, यंत्र, सगळं पुन्हा झालं. उजव्यावर साधा ओरखडाही नव्हता.

“आता धोका जास्तच धरायचा,” त्या म्हणाल्या. “दोन्ही पायांचा. ज्याची बोटं एकदा गेली, त्याला पुन्हा जखम होण्याची आणि आणखी काही गमवायची भीती इतरांपेक्षा जास्त असते. जखम नसली तरी. हे कायमचं आहे.”

मी यांच्याकडे बघितलं. आता खुर्ची पुढे येईल म्हणून वाट बघितली. हे हात मांडीवर ठेवून बसले होते.

“बरं,” हे म्हणाले.

एवढंच. इतक्या वर्षांत कुणी सांगितलेला भाव त्यांनी पहिल्या बोलीत घेतलेला मी पाहिला नव्हता. ज्या सवयीपायी मी जन्मभर डोकं आपटलं, ती त्या दिवशी हवी होती, आणि ती त्यांच्यापाशी उरली नव्हती. ते मला बघवेना. आणि मग मीच खुर्ची पुढे ओढली. बाईंना म्हटलं, त्यांनी तंबाखू सोडलीये, साखर ताब्यात आहे, मोरीतसुद्धा बूट घालून जातात. मी रोज दोन्ही तळवे उजेडात धरून बघते, बोटांच्या बेचक्यासुद्धा. एवढं सगळं करतोय, तर थोडं तरी खाली येत नाही का? थोडंच. हे सगळं मी अगदी भाजीवाल्यापुढे बसल्यासारखी बोलत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

बाईंनी चष्मा काढला. “नाही येत,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही करताय त्यातलं काही सोडू नका.” आणि आंबा-वड्यांचा डबा त्यांनी माझ्या हातून दोन्ही हातांनी घेतला.

रिक्षा स्वारगेटला आली. सिग्नलला थांबल्यावर हे समोरच्या बसकडे बघतच म्हणाले, “असा मागतात व्हय भाव? तुझ्या आवाजातच गरज दिसत होती. गरज दिसली की समोरचा उतरत न्हाई.”

“गरज होतीच,” मी म्हटलं.